डोंगरउतारावरचे मोठे घर



आजचा विषय तसा घरगुती आहे. मी व्यवसायाने वास्तुरचनाकार. इंदूरच्या दक्षिणेस सिमरोल, चोरल, मानपूर या बाजूला विंध्याच्या कडेवर जमीन घ्यावी आणि तेथे तीन पिढ्यांना पुरेल असे घर बांधावे, अशी इच्छा अलीकडे अनेक कुटुंबे माझ्यापाशी बोलून दाखवतात. इच्छा चांगली आहे, परंतु तिच्या पाठोपाठ येणारे वाक्य बहुधा असे असते की, "आधी जागा सपाट करून घेऊ." हे वाक्य धोक्याचे का आहे आणि जागा सपाट न करता मोठे घर कसे बसवता येते, हे आज थोडक्यात सांगावयाचे आहे.

भूगोलाच्या तासाला आपण सर्वांनी समोच्चरेषा गिरवल्या आहेत. समान उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या त्या रेषा परीक्षेनंतर आपण विसरतो. डोंगरावर घर बांधणाऱ्याला मात्र त्याच रेषांपासून प्रारंभ करावा लागतो. इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवर आहे. येथून पठार हळूहळू उत्तरेकडे उतरते आणि आपले पाणी क्षिप्रा-चंबळेच्या वाटेने यमुनेला मिळते. दक्षिणेस विंध्याची कड ओलांडली की जमीन एकदम खाली निमाडात उतरते व तेथील पाणी नर्मदेकडे जाते. ज्या उतारांविषयी आपण बोलत आहोत ते या कडेवरचे. वर मुरमाचा पातळ थर, खाली काळा पाषाण आणि सखल भागात साचलेली काळी माती. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. म्हणून तिच्यावर पाया कधीच टेकवू नये. तो मुरमाखालच्या पक्क्या खडकापर्यंतच न्यावा.

आता सपाटीकरणाचा हिशेब पाहू. उतार सहास एक असा धरा, म्हणजे सहा मीटर चालले की एक मीटर उतरावे लागते. घर १८ मीटर खोल आणि तितकेच लांब असेल, तर त्याच्या मागच्या व पुढच्या कडेत ३ मीटरांचा फरक पडतो. जागा सपाट करावयाची तर मागे दीड मीटर खोदावे लागते आणि पुढे दीड मीटर भराव घालावा लागतो. खोदाई सुमारे १२० घनमीटर होते. अर्धे घर खडकावर आणि अर्धे भरावावर उभे राहते. भराव पुढील काही पावसाळ्यांत दबतो, खडक दबत नाही, आणि दोहोंच्या सीमेवर भिंतीला तडा जातो. मागे कापलेल्या कड्याला भिंतीचा आधार द्यावा लागतो. अशा भिंतीची उंची दुप्पट झाली की मातीचा रेटा चौपट होतो, आणि मागे पाणी तुंबले तर त्या रेट्यात पाण्याचा भार मिळतो. अशा भिंती बहुधा कोरड्या मातीने पडत नाहीत, तुंबलेल्या पाण्याने पडतात.

याच प्रकारच्या खडकाच्या प्रदेशात, पुणे जिल्ह्यातील माळीण गावावर ३० जुलै २०१४ रोजी डोंगर कोसळला आणि दीडशेहून अधिक माणसे गाडली गेली. अतिवृष्टी हे तात्कालिक कारण होते. परंतु उतारावर झालेल्या सपाटीकरणाचीही तेव्हा गंभीरपणे चर्चा झाली. माळव्यात सह्याद्रीइतका पाऊस पडत नाही, हे खरे. तरीही वरचा उतार कापणाऱ्याने खाली कोणाची घरे आणि कोणाची विहीर आहे, हे पाहिलेच पाहिजे. आपल्या अंगणाची माती दुसऱ्याच्या नाल्यात जाता कामा नये.

उपाय नवा नाही. सपाटी एकच न करता तीन टप्पे करावे. प्रत्येक टप्पा ६ मीटर खोल, समोच्चरेषेच्या दिशेने १८ मीटर लांब, आणि दोन टप्प्यांत एक मीटरचा फरक. अशाने खोदाई सुमारे ४० घनमीटरांवर, म्हणजे एकतृतीयांशावर येते. एक मीटर म्हणजे सहा पायऱ्या. मधल्या टप्प्यावर चौक, माजघर, स्वयंपाकघर, देवघर आणि वडीलधाऱ्यांची खोली ठेवावी. वरच्या व खालच्या टप्प्यांवर मुलांची बिऱ्हाडे, पाहुण्यांच्या खोल्या आणि अभ्यासिका. मग घरातील कोणीही स्वयंपाकघरापासून सहा पायऱ्यांहून दूर राहत नाही. प्रत्येक बिऱ्हाडाला आपले दार, आपली ओसरी मिळते; जेवणाची पंगत मात्र एकच राहते. एकत्र कुटुंबात कुरबुरी होतात त्या पुष्कळदा स्वभावापेक्षा भिंतींमुळे होतात, असा माझा अनुभव आहे.

वृद्धांसाठी एक गोष्ट कटाक्षाने पाळावी. गाडीची वाट उतारावरून सरळ न आणता तिरपी आणून मधल्या टप्प्याशी पोचवावी. दारापासून देवघरापर्यंत व न्हाणीघरापर्यंत एकही पायरी नसावी. चाकाच्या खुर्चीसाठी एक मीटर चढावयाला किमान १२ मीटर लांबीचा उतरता मार्ग लागतो. तो मागाहून कोठेही बसत नाही, म्हणून आराखड्यातच धरावा.

टप्प्यांची ही रीत पाहावयास दूर जाण्याचे कारण नाही. अहिल्याबाईंचा कारभार १७६७ ते १७९५ असा चालला आणि त्यांनी राजधानी महेश्वरला नेली. तेथे टेकडीवर चौकाभोवती लाकडी खांबांचा साधा वाडा आहे आणि खाली नर्मदेपर्यंत पायऱ्यापायऱ्यांनी उतरणारा घाट. टेकडीचा चढ तेथे लपवलेला नाही. तोच वास्तूचा भाग झाला आहे.

पाण्याचा धडा मांडूचा घ्यावा. डोंगरमाथ्यावरच्या त्या नगराने पावसाचे पाणी तलावांत आणि हौदांत साठवले. जहाज महाल तर दोन तलावांच्या मध्येच उभा आहे. आपल्याकडे वर्षाला सुमारे ९०० मिलिमीटर पाऊस पडतो असे धरू. चौक वगळून ३०० चौरस मीटर छपरावर २,७०,००० लिटर पाणी पडते. पाचवा हिस्सा वाया गेला तरी २,१६,००० लिटर हाती येते. अठरा माणसांना पिण्यास व स्वयंपाकास माणशी १० लिटर धरले, तर पावसाळ्याबाहेरच्या २४० दिवसांना ४३,२०० लिटर पुरतात. म्हणजे ५ मीटर लांब, ३ मीटर रुंद व ३ मीटर खोल असा एक हौद पुरे. तो खालच्या टप्प्यात खोदावा. पन्हाळीचे पाणी गाळून त्यात आपोआप उतरते. घराच्या वरच्या बाजूस आडवा चर काढून डोंगरावरचे पाणी दोन्ही अंगांनी वळवावे. आधारभिंतींच्या मागे दगडगोटे भरून पाणी निघावयास छिद्रे ठेवावीत.

ऊन आणि वारा यांविषयी थोडेसे. इंदूर कर्कवृत्ताच्या किंचित दक्षिणेस आहे. जूनमध्ये मध्यान्हीचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, तर डिसेंबरात तो दक्षिणेस सुमारे ४४ अंशांवर उतरतो. दक्षिणेच्या खिडकीवर पाऊण मीटरचा छज्जा काढला, तर मार्च व सप्टेंबरच्या मध्यान्ही त्याखाली सुमारे पावणेदोन मीटर सावली पडते, डिसेंबरात केवळ सत्तर सेंटिमीटर. हिवाळ्यात ऊन आत येते, उन्हाळ्यात बाहेर राहते. पश्चिमेचे तिरपे ऊन व पावसाचा झोत छज्ज्याने अडत नाही. तेथे कोठीघर, जिना, न्हाणीघर अशा खोल्या आणि कमी खिडक्या असाव्यात.

शेवटचा प्रश्न सर्वांत अवघड आहे. मुले पुण्यात, बंगलोरात, परदेशात असताना मोठे घर कोणासाठी? माझे उत्तर असे की, आराखडा पूर्ण करावा, बांधकाम मात्र गरजेप्रमाणे करावे. पुण्यात जन्मलेले बाळकृष्ण दोशी यांनी आपल्या इंदूरच्या अरण्य वसाहतीत, १९८९ च्या सुमारास, सुमारे ६,५०० घरांच्या योजनेत हेच तत्त्व वापरले: जोते व न्हाणीघर-संडासाची सोय आधी, खोल्या कुटुंबाच्या ऐपतीप्रमाणे. या कामाला १९९५ साली आगाखान पुरस्कार मिळाला. लॉरी बेकर यांनी तिरुवनंतपुरमजवळ खडकाळ उतारावर बांधलेले स्वतःचे घरही असेच वर्षानुवर्षे वाढत गेले. तेव्हा मधला टप्पा आधी बांधावा, हौद व चर त्याच वेळी पूर्ण करावे, आणि वरखालचे टप्पे जोत्यापाशी थांबवावे. माणसे परत आली तर भिंती चढतील. न आली, तर त्या जोत्यांवर झाडे लावता येतील आणि डोंगराचे फारसे नुकसान झालेले नसेल.

घर बांधण्यापूर्वी एक पावसाळा त्या जमिनीवर जाऊन पाणी कोठून वाहते हे पाहावे, ही माझी प्रत्येक कुटुंबाला विनंती असते; तीच येथे बसलेल्या माजी विद्यार्थ्यांनाही आहे.