गोठविलेल्या भ्रूणाच्या रोपणासाठी गर्भाशयाची पूर्वतयारी

गोठविलेले भ्रूण गर्भाशयात ठेवण्यापूर्वी गर्भाशयाचा अंतःस्तर (आतील अस्तर) ग्रहणक्षम करण्याच्या आणि त्या अवस्थेशी भ्रूणाच्या वयाचा मेळ घालण्याच्या प्रक्रियेस ही संज्ञा आहे. वंध्यत्वावरील उपचारात शरीराबाहेर फलन घडवून तयार झालेली भ्रूणे द्रवरूप नायट्रोजनात –१९६° से. तापमानास साठवितात व पुढील एखाद्या ऋतुचक्रात वापरतात.

ऋतुचक्राच्या पूर्वार्धात ईस्ट्रोजेन या हॉर्मोनामुळे अंतःस्तर जाड होतो. अंडमोचनानंतर पीतपिंडातून स्रवणाऱ्या प्रोजेस्टेरॉनामुळे त्यातील ग्रंथी स्रवू लागतात आणि थोडे दिवसच तो भ्रूणाचा स्वीकार करू शकतो. त्यामुळे पाच दिवस वाढलेले भ्रूण (कोरकपुटी) प्रोजेस्टेरॉनाचा प्रभाव सुरू होऊन सुमारे पाच दिवस झाल्यावर ठेवतात. ही वेळ साधली नाही, तर निकोप भ्रूणही रुजण्याची शक्यता कमी होते.

पूर्वतयारीच्या मुख्य पद्धती दोन आहेत. नियमित पाळी असणाऱ्या स्त्रीत नैसर्गिक ऋतुचक्राचा उपयोग करतात. त्यासाठी श्राव्यातीत ध्वनितपासणीने अंडपुटकाची वाढ पाहतात व रक्त वा मूत्र तपासून अंडमोचनाची वेळ ठरवितात. दुसऱ्या, कृत्रिम पद्धतीत सुमारे दोन आठवडे ईस्ट्रोजेन देतात. अंतःस्तराची जाडी साधारणपणे ७ मिमी. वा अधिक झाल्यावर त्यास प्रोजेस्टेरॉनाची जोड देतात. या पद्धतीत अंडमोचन होत नसल्याने पीतपिंड नसतो. म्हणून वार हॉर्मोननिर्मितीचे कार्य पूर्णपणे हाती घेईपर्यंत औषधे चालू ठेवावी लागतात. अनियमित पाळीच्या स्त्रियांना ही पद्धत उपयुक्त असून तीत रोपणाचा दिवस सोयीने ठरविता येतो. तथापि तीत गरोदरपणी रक्तदाब वाढण्याचा धोका अधिक आढळला आहे. अंडमोचन नियमित होत असल्यास नैसर्गिक पद्धतीकडे कल वाढण्याचे हे एक कारण होय.

कलकत्त्याचे सुभाष मुखर्जी यांनी १९७८ मध्ये गोठविलेले भ्रूण पुढील ऋतुचक्रात गर्भाशयात ठेवल्याचे व त्यापासून मुलगी जन्मल्याचे जाहीर केले. शासकीय समितीने हा दावा अमान्य केला. १९८१ मध्ये मुखर्जी यांनी आत्महत्या केली. मुंबईत १९८६ मध्ये झालेल्या परीक्षानलिका-बालकाच्या जन्मामागील शास्त्रज्ञांपैकी टी. सी. आनंदकुमार यांनी मुखर्जी यांची कागदपत्रे अभ्यासून १९९७ मध्ये अग्रमानाचे श्रेय त्यांना दिले.