कुरकुरीतपणा साखरेतून येत नाही

घरी ग्रॅनोला करताना मध किंवा गूळ सढळ हाताने घातला जातो, कारण गोड कमी पडलं तर ओट्स कुरकुरीत होणार नाहीत अशी समजूत असते. ही समजूत चुकीची आहे. पदार्थ कुरकुरीत होतो तो त्यातलं पाणी निघून गेल्यामुळे. या न्याहारीचा इतिहासच याला साक्ष आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या डॅन्सव्हिल इथे डॉ. जेम्स केलेब जॅक्सन यांनी 1863 मध्ये कोंड्यासकट दळलेल्या गव्हाच्या पिठाचा ‘ग्रॅन्युला’ केला. पिठाचे थर भाजायचे, मोडायचे आणि पुन्हा भाजायचे. तो इतका कडक होई, की रात्रभर दुधात भिजवल्याशिवाय खाता येत नसे. हा कडकपणा निव्वळ वाळण्याचा होता.

म्हणून घरच्या ग्रॅनोलात खरी मेहनत आचेवर घ्यावी. 300 ग्रॅम ओट्स, 150 ग्रॅम सुकामेवा आणि बिया, तीन चमचे तेल आणि 60 ग्रॅम मध एवढं पुरतं. मधात साधारण 80 टक्के साखर असते, म्हणजे 50 ग्रॅमच्या वाटीत वरून घातलेली साखर चहाच्या एका चमच्याइतकीच येते. तेल आणि मध कोमट करून आधी ओट्सना चोळावं, मिश्रण ट्रेमध्ये पातळ पसरावं आणि 150 अंश सेल्सिअसवर अर्धा-पाऊण तास ठेवून अधूनमधून उलथावं. आच वाढवली तर मध आधी करपतो आणि ओट्स आत ओलेच राहतात. बदामाचे काप सुरुवातीपासून चालतात. तीळ, जवस आणि अक्रोड लवकर करपतात, म्हणून ते निम्म्या वेळानंतर घालावेत. बेदाणे मात्र ओव्हन बंद केल्यावरच घालावेत, कारण तापून ते टम्म फुगतात आणि मग कडवट, दगडासारखे होतात. ओव्हनमधून काढलेला ग्रॅनोला मऊच लागतो. ‘अजून झाला नाही’ म्हणून तो पुन्हा आत सारणं ही सर्वांत महाग पडणारी घाई. पाणी उडून गेलेला मधाचा लेप गार होताना घट्ट होतो आणि कुरकुरीतपणा तेव्हा जाणवतो.

गोड कमी केलं तर गठ्ठे बांधले जात नाहीत, हा आक्षेप खरा आहे. गठ्ठे हवेच असतील तर एका अंड्याचा फेसलेला पांढरा भाग मिसळावा, मिश्रण ट्रेमध्ये दाबून बसवावं आणि गार होईपर्यंत हलवू नये. ओव्हन नसला तरी अडत नाही. पातळ पोह्यांचा चिवडा करताना पोहे जसे मंद आचेवर धीराने भाजतात, तसेच ओट्स जाड बुडाच्या कढईत भाजता येतात. फक्त मध शेवटी घालायचा आणि सतत हलवत राहायचं. सुकामेव्यात उष्मांक भरपूर असतात, हेही मान्य करायला हवं. पण तो दोष मोठ्या वाडग्याचा आहे. एक छोटी वाटी दह्यावर घालून खाल्ली तर पोटही भरतं आणि बदाम, बियांमधली प्रथिनं आणि तंतूही मिळतात.

पावसाळ्यात ग्रॅनोला सादळतो आणि बियांमधलं तेल कालांतराने खवट होतं. म्हणून एका वेळी दोन आठवड्यांपुरताच करावा, पूर्ण गार झाल्यावर हवाबंद बरणीत भरावा आणि पुढच्या खेपेला मध आणखी एक चमचा कमी करून पाहावा.