एक घर, दोन अर्ज

नवी मुंबई वसवण्यासाठी 1970 साली स्थापन झालेले सिडको महामंडळ आपली घरे बहुधा सोडतीने देते. खारघरच्या सेक्टर 36 मधील ‘स्वप्नपूर्ती’ ही अशीच एक वसाहत. ती आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक आणि अल्प उत्पन्न गट यांच्यासाठी बांधलेली आहे. सोडतीची तारीख जवळ आली, की भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या कुटुंबांत एक हिशेब हमखास ऐकू येतो: “मामाचा अर्ज आहे, मावशीचाही आहे, म्हणजे संधी दुप्पट!” हा हिशेब बरोबर आहे का?

आकडे लहान घेऊ. समजा घर एक आणि अर्ज दहा. त्यांत एक मामाचा, एक मावशीचा. प्रत्येकाला घर लागण्याची संभाव्यता 1/10. घर एकच असल्याने ते दोघांनाही लागणे अशक्य. ज्या दोन घटना एकाच वेळी घडू शकत नाहीत, त्यांना परस्पर अपवर्जी घटना म्हणतात. त्यांच्या संचांचा छेद रिक्त असतो. अशा घटनांच्या संभाव्यतांची सरळ बेरीज करावी: 1/10 + 1/10 = 2/10. येथे संधी खरोखरच दुप्पट झाली.

आता घरे दोन आहेत असे समजा. दहा अर्जांतून दोन निवडले, तर 45 वेगवेगळ्या जोड्या होतात. मामाचे नाव 9 जोड्यांत येते, मावशीचेही 9 जोड्यांत. पण म्हणून 18 म्हणता येणार नाही, कारण मामा-मावशी ही जोडी आपण दोनदा मोजली. निदान एकाला घर लागण्याची संभाव्यता 17/45 एवढीच. फरक किरकोळ वाटतो ना? मग घरे सहा करून पाहा. प्रत्येकाची संभाव्यता 6/10, आणि बेरीज चक्क 12/10! संभाव्यता 1 पेक्षा मोठी असूच शकत नाही.

परस्पर अपवर्जी म्हणजेच स्वतंत्र, अशीही अनेकांची समजूत असते. खरे तर उलट आहे. एकाच घराच्या सोडतीत मामाचे नाव निघाले, की मावशीची संभाव्यता 1/10 वरून थेट 0 वर येते. याला स्वतंत्र कसे म्हणावे? दोन घरांच्या सोडतीत मामाला घर लागल्याचे कळले, तर तिची संभाव्यता 2/10 वरून 1/9 होते. या घटना अपवर्जी नाहीत आणि स्वतंत्रही नाहीत.

घरे तीन असतील तर? दोघांपैकी कोणालाच घर लागणार नाही अशा निवडी आधी मोजा. निदान एकाला घर लागण्याची संभाव्यता 8/15 यायला हवी.