विकत घेतलेला खेळ कोणाचा?

बुद्धिबळाचा पट विकत आणला की दुकानदाराचा आणि आपला संबंध संपतो. त्या पटावर डाव केव्हा मांडायचा, कोणाशी मांडायचा, की पट नुसताच माळ्यावर टाकायचा, हे आपण ठरवतो. दुकान उद्या बंद पडले तरी आपला पट काही बंद पडत नाही. नाटकाच्या तिकिटाचे तसे नाही. तिकीट काढून आपण वस्तू घेत नाही. ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी प्रयोग पाहण्याची सोय विकत घेतो. पडदा पडला की तिकिटाचा कागद निरुपयोगी होतो आणि त्याबद्दल कोणी कुरकुर करत नाही. मात्र प्रयोगच रद्द झाला तर तिकीट-खिडकीवर आपण पैसे परत मागतो, आणि ते आपल्याला मिळायला हवेत याविषयी कोणाच्या मनात शंका नसते.

हे दोन्ही व्यवहार आपल्या इतके अंगवळणी पडले आहेत, की त्यांतला फरक समजावून सांगावा लागत नाही. संगणकावरच्या खेळांनी मात्र गेल्या काही वर्षांत एक तिसराच व्यवहार पुढे आणला आहे. हे खेळ विकताना पटासारखे विकतात आणि वापरायला देताना नाटकासारखे देतात. किंमत एकदम घेतली जाते, पण खेळ चालतो तो कंपनीने आपले दार उघडे ठेवले असेल तोवर. दार बंद राहिले तर पैसे परत मिळतीलच असेही नाही. अशा वेळी गिऱ्हाइकाचा हक्क कोणता, हे आपल्याला पाहायचे आहे.

आधी हे दार म्हणजे काय ते पाहू. पूर्वी खेळाची तबकडी संगणकात घातली की खेळ सुरू होई. आता पुष्कळ खेळांत असे होते, की आपला संगणक इंटरनेटवरून कंपनीच्या संगणकाला विचारतो, ‘हे गिऱ्हाईक खरे आहे ना? याने पैसे भरले आहेत ना?’ पलीकडून होकार आला तरच खेळ पुढे सरकतो. या पलीकडच्या, रात्रंदिवस चालू असणाऱ्या संगणकाला सर्व्हर म्हणतात. काही खेळांत ही विचारपूस एकदा करून भागत नाही. खेळ चालू असेपर्यंत दोन्ही टोकांचे बोलणे चालूच ठेवावे लागते. खेळाडूने कुठवर मजल मारली याची नोंदसुद्धा तिकडेच राहते. मग सर्व्हर बंद पडला, की घरचा संगणक ठणठणीत असून खेळ मात्र जागच्या जागी थांबतो.

कंपन्या असे का करतात? त्यांची कारणे अगदीच पोकळ नाहीत. चोरट्या प्रतींना आळा बसतो, खेळातली लबाडी पकडता येते, आणि देशोदेशीच्या माणसांना एकत्र खेळता येते. शेवटचे कारण तर बिनतोड आहे. शंभर माणसांनी मिळून खेळायचा खेळ असेल तर सर्वांना जोडणारे ठिकाण हवेच. वाद उभा राहतो तो एकट्याने खेळता येण्याजोग्या खेळालाही हीच दोरी बांधली जाते तेव्हा.

सर्व्हर बंद पडण्याचे सर्वांत नेहमीचे कारण म्हणजे पहिल्या दिवसांची गर्दी. नवा खेळ निघाला की लाखो माणसे एकाच संध्याकाळी दारावर येतात. महिन्याभरात ही गर्दी ओसरते. चार दिवसांच्या गर्दीसाठी किती यंत्रसामग्री उभी करायची, हा कंपनीच्या हिशेबाचा प्रश्न असतो. जत्रेच्या दिवसांत एस. टी. जादा गाड्या सोडते, पण तेवढ्या गाड्या वर्षभर ठेवत नाही, त्यातलाच हा प्रकार. फरक इतकाच, की इथे किती तिकिटे खपली हे कंपनीला गाडी सुटण्यापूर्वीच बरेचसे ठाऊक असते. कारण पुष्कळांनी आगाऊ पैसे भरलेले असतात.

याचे गाजलेले उदाहरण म्हणजे ‘सिमसिटी’. नगर वसवायचा, रस्ते आखायचे, वीज-पाण्याची व्यवस्था लावायची, असा हा खेळ. १९८९ साली तो प्रथम निघाला तेव्हा त्याला कोणत्याही सर्व्हरची गरज नव्हती. ५ मार्च २०१३ रोजी त्याची नवी आवृत्ती अमेरिकेत विक्रीस आली. मॅक्सिस या संस्थेने ती तयार केली होती आणि इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या कंपनीने प्रसिद्ध केली होती. एकट्याने नगर वसवायचे असले तरीही इंटरनेट आणि सर्व्हर चालू असलेच पाहिजेत, अशी तिची रचना होती. पहिल्याच दिवशी सर्व्हर गर्दीखाली दबले. पैसे भरलेली माणसे रांगेत ताटकळली. कित्येकांनी तासन् तास वसवलेली नगरे नाहीशी झाली. ताण कमी व्हावा म्हणून खेळातला सर्वांत जलद वेगही कंपनीने काही काळ काढून घेतला. अ‍ॅमेझॉनने या खेळाच्या इंटरनेटवरून उतरवून घ्यायच्या प्रतीची विक्री काही काळ थांबवली. पहिल्या दोन आठवड्यांत खपलेल्या प्रतींची संख्या ११ लाखांवर होती. एवढ्या माणसांच्या बाबतीत हे घडले, हे लक्षात घेतले म्हणजे प्रश्न किती मोठा होता ते कळते.

कंपनीने दिलगिरी व्यक्त केली, सर्व्हर वाढवले आणि गिऱ्हाइकांना आपल्या ठराविक खेळांपैकी एक खेळ फुकट देऊ केला. कोणी म्हणेल, यापेक्षा आणखी काय हवे? पण जरा विचार करा. धान्याच्या दुकानातून आणलेला तांदूळ किडका निघाला आणि दुकानदाराने तांदूळ न बदलता साखरेची पुडी हातावर ठेवली, तर आपण समाधान मानू का? भरपाई कोणती घ्यायची हे ठरवणे गिऱ्हाइकाकडे असायला हवे. निदान त्याचे पैसे त्याला परत मागता आले पाहिजेत. दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. सर्व्हरशिवाय हा खेळ चालणेच शक्य नाही, असा समज लोकांचा झाला होता. मार्च २०१३ मध्येच हौशी जाणकारांनी सर्व्हरशी संबंध तोडूनही खेळ बराच चालवून दाखवला, आणि मार्च २०१४ मध्ये खुद्द कंपनीनेच इंटरनेटशिवाय खेळण्याची सोय करून दिली. म्हणजे ती दोरी अपरिहार्य नव्हती. ती कंपनीने पसंत केलेली रचना होती; आणि त्या पसंतीचा भुर्दंड मात्र गिऱ्हाइकावर पडला.

याच्या आदल्या वर्षी, १५ मे २०१२ रोजी, ब्लिझर्ड कंपनीचा ‘डायब्लो ३’ हा खेळ निघाला होता. तिथेही एकट्याने खेळायला सर्व्हर लागत असे, आणि तिथेही पहिल्या दिवशी ‘एरर ३७’ एवढीच अक्षरे पाहत लाखो लोक बसून राहिले. दक्षिण कोरियात मात्र गोष्ट तेवढ्यावर थांबली नाही. परताव्याला नकार मिळाल्याच्या तक्रारी तिथल्या व्यापारविषयक सरकारी आयोगाकडे गेल्या, आयोगाने कंपनीच्या कार्यालयाची झडती घेतली, आणि त्यानंतर खेळात ठराविक टप्प्याच्या अलीकडे असलेल्या कोरियन खेळाडूंना पैसे परत देण्याची तयारी कंपनीने दाखवली. माल तोच, बिघाड तोच. ग्राहकाच्या पाठीशी कोणी उभे राहिले तेव्हा निकाल वेगळा लागला.

आता कंपनीचा बचाव ऐकू. खेळ सुरू करण्यापूर्वी एक लांबलचक करारपत्र पडद्यावर येते आणि ‘मान्य’ या शब्दावर बोट ठेवल्याशिवाय पुढे जाता येत नाही. हा खेळ तुम्हाला विकलेला नसून वापरण्याची परवानगी दिली आहे, सेवा अखंड चालेल अशी हमी नाही, आणि ती आम्ही केव्हाही बंद करू शकतो, अशा आशयाची कलमे त्यात असतात. सही केलीत, आता तक्रार कसली, असा हा युक्तिवाद आहे.

तो पुष्कळ देशांच्या कायद्याने जसाच्या तसा मानलेला नाही. ब्रिटनच्या २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्यात संगणकीय मालाचे वेगळे प्रकरणच आहे. पैसे घेऊन दिलेला असा माल समाधानकारक दर्जाचा, सांगितल्याबरहुकूम आणि कामाला येण्याजोगा असला पाहिजे. नसेल तर तो दुरुस्त करून किंवा बदलून द्यावा, ते न जमल्यास किमतीत सूट द्यावी. आणि करारपत्रातील कलम दाखवून हे हक्क काढून घेता येत नाहीत. युरोपीय संघाच्या २०१९ च्या निर्देशातही, जी सेवा काही काळ चालू राहायची ती त्या साऱ्या काळात ठरल्याप्रमाणे असावी, असे तत्त्व आहे. ऑस्ट्रेलियात व्हॉल्व्ह या कंपनीने परताव्याबाबत ग्राहकांची दिशाभूल केली, असे न्यायालयाने २०१६ मध्ये ठरवले आणि ३० लाख डॉलर दंड केला. आपला कायदा अमेरिकेचा, आपण फक्त परवानगी देतो, या सबबी तिथे टिकल्या नाहीत.

आपल्याकडे हे खेळ खेळणारी मुले घरोघर आहेत, तेव्हा आपला कायदाही पाहिला पाहिजे. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२० पासून अमलात आला. व्हिडिओ गेमचे नाव घेणारे स्वतंत्र कलम त्यात नाही. पण उपयोगी पडतील अशा व्याख्या आहेत. सेवेतील उणीव कशाला म्हणावे हे सांगताना, ग्राहकाला आवश्यक ती माहिती जाणूनबुजून न देणे हीही उणीवच, असे कायदा म्हणतो. वाजवी कारणाशिवाय एकतर्फी करार संपवण्याचा अधिकार एका बाजूला देणारे कलम अन्याय्य करारात मोडू शकते. मात्र निखळ फुकट दिलेली सेवा या व्याख्येबाहेर राहते. म्हणून फुकट उतरवलेला खेळ बंद पडला तर फारसे बोलता येणार नाही. त्याच खेळात पैसे भरून काही घेतले असेल, तर त्या पैशापुरते बोलता येईल.

तक्रार राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर नोंदवता येते. तेवढ्याने न भागल्यास आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येते, आणि मोजलेली किंमत ५ लाख रुपयांपर्यंत असेल तर शुल्क पडत नाही. करारच अन्याय्य आहे असे म्हणणे असेल तर राज्य आयोगाकडे जावे लागते. यासाठी पैसे भरल्याची पावती जपावी, खेळ कोणत्या दिवशी किती वेळ बंद होता ते टिपून ठेवावे, पडद्यावर आलेल्या संदेशाचे चित्र काढून ठेवावे आणि पहिली मागणी कंपनीकडे लेखी करावी.

मागणी किती करायची, हाही विवेकाचा प्रश्न आहे. वर्षातून एक रात्र सर्व्हर बंद राहिला म्हणून सगळी किंमत परत मागणे न्यायाचे नाही. दरमहा वर्गणी असेल तर हिशेब सोपा असतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये सोनीचे प्लेस्टेशन नेटवर्क सुमारे एक दिवस बंद पडले, तेव्हा वर्गणीदारांची मुदत कंपनीने ५ दिवसांनी वाढवून दिली. २०११ साली चोरट्यांनी आत शिरकाव केल्यामुळे तेच नेटवर्क तीन आठवड्यांहून अधिक काळ बंद होते. खाती होती ७ कोटी ७० लाख, आणि भरपाई म्हणून दोन खेळ व एक महिन्याची वर्गणी फुकट मिळाली. पण ज्याने वर्गणी न भरता एकरकमी किंमत मोजली, त्याचा एक दिवस किती पैशांचा? खेळ किती वर्षे चालणार हेच सांगितलेले नसल्यामुळे या भागाकारात भाजक मिळत नाही. सारी अडचण इथे आहे.

सर्व्हर कायमचा बंद होतो तेव्हा ही अडचण उघडी पडते. युबिसॉफ्ट कंपनीचा ‘द क्रू’ हा मोटारशर्यतींचा खेळ २०१४ साली निघाला आणि ३१ मार्च २०२४ रोजी त्याचे सर्व्हर बंद झाले. ज्यांच्या घरी पैसे देऊन घेतलेली तबकडी आहे त्यांनाही तेव्हा तो खेळता येईनासा झाला. यातून युरोपात एक चळवळ उभी राहिली. सर्व्हर जन्मभर चालवा असे तिचे म्हणणे नाही. बंद करताना खेळ आपापल्या घरी चालेल अशा स्थितीत सोडून जा, एवढीच तिची मागणी आहे. युरोपीय संघाकडे अशी मागणी नेण्यासाठी लागणाऱ्या १० लाख सह्यांचा आकडा तिने जुलै २०२५ मध्ये ओलांडला. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्याने दुसऱ्या टोकाने सुरुवात केली. १ जानेवारी २०२५ पासून तिथल्या कायद्याप्रमाणे, केवळ परवानगी देत असताना ते स्पष्ट न सांगता ‘विकत घ्या’ असे शब्द वापरता येत नाहीत.

शब्दांपासून केलेली ही सुरुवात मला योग्य वाटते. खेळाला सर्व्हर लागतो का, तो निदान कोणत्या तारखेपर्यंत चालू राहील, आणि बंद पडला तर काय परत मिळेल, या तीन गोष्टी पैसे भरण्यापूर्वी ठळक अक्षरांत कळाल्या, तर निम्मे तंटे उद्भवणारच नाहीत. एका खेळाची किंमत म्हटली तर थोडी, म्हणून हा प्रश्न पोरखेळ समजून सोडून देण्याचा मोह होतो. पण पुस्तके, गाणी, चित्रपट, फार काय, हिशेब लिहायची साधनेसुद्धा आज याच रीतीने विकली जाऊ लागली आहेत. आपण पट घेत आहोत की तिकीट, हे विचारण्याची सवय खेळाच्या दुकानात लागली तर ती पुढे सगळीकडे उपयोगी पडेल.