इफा: श्लोक निवडतो तो रुग्णच!

नायजेरियातल्या योरुबा समाजात दुखणं लांबलं की अनेक जण बाबालावोकडे, म्हणजे ‘इफा’ या कौल लावण्याच्या पद्धतीच्या जाणकाराकडे जातात. गंमत म्हणजे रीतीप्रमाणे त्याला दुखणं सांगायचंच नसतं! ते हातातल्या नाण्याशी नुसतं पुटपुटायचं.

मग बाबालावो १६ पाम-बिया एका हाताने झपकन उचलू पाहतो. मागे एक उरली तर लाकडी तबकातल्या भुकटीत दोन रेघा, दोन उरल्या तर एक. अशा आठ खुणांतून ठरतो ‘ओडू’. एकूण ओडू २५६ आणि प्रत्येकाचे कितीतरी श्लोक, सगळे तोंडपाठ!

तो श्लोक म्हणत जातो: पूर्वी अमक्याला असा त्रास होता, त्याने काय केलं, पुढे काय झालं. ‘हे तर माझंच!’ असं वाटेल तो श्लोक ऐकणाऱ्याने निवडायचा. उपायही त्यातूनच निघतो. औषधी पाल्यावर ‘ओफो’ म्हणजे मंत्र म्हणतात. त्याशिवाय पाल्याला गुण येत नाही, अशी श्रद्धा.

युनेस्कोने २००५ साली इफाला मानवजातीच्या मौखिक वारशात स्थान दिलं. खोलात शिरायचं असेल तर विल्यम बॅस्कम यांचं ‘इफा डिव्हिनेशन’ (१९६९) जरूर वाचा.