बारामती-इंदापूर : उंचीचे आणि पाण्याचे गणित

रेल्वे स्थानकाच्या पिवळ्या फलकावर गावाच्या नावाबरोबर त्या स्थळाची समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिण्याचा प्रघात आहे. फार थोड्या प्रवाशांचे तिकडे लक्ष जाते. ज्यांचे जाते त्यांनाही हा आकडा शालेय भूगोलापुरताच उपयोगाचा वाटतो. पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत मात्र या आकड्याला फार मोठा अर्थ आहे. कोणाच्या शिवारात ऊस उभा राहावा आणि कोणाच्या वस्तीवर चैत्रापासूनच टँकरची वाट पाहिली जावी, हे येथे पुष्कळ अंशी जमिनीच्या उंचीने ठरविलेले आहे.

बारामती शहराची सरासरी उंची ५३८ मीटर समजली जाते. ही उंची कशापासून मोजली, हा प्रश्न वर्गातील एखादा चौकस विद्यार्थी विचारतोच, आणि तो रास्तही आहे. कारण समुद्राचे पाणी भरती-ओहोटीमुळे क्षणभरही एका पातळीवर राहत नाही. भारतीय सर्वेक्षण विभागाने मुंबई, कारवार, मद्रास यांसारख्या नऊ बंदरांवरील भरती-ओहोटीच्या दीर्घकालीन नोंदींवरून सरासरी समुद्रपातळी निश्चित केली. तीवर आधारलेले देशाच्या उंचीमापनाचे पहिले जाळे १९०९ साली पक्के करण्यात आले. समुद्रकिनाऱ्यापासून टप्प्याटप्प्याने पातळी मोजीत हे काम देशाच्या अंतर्भागात पोचले आणि वाटेत ठिकठिकाणी उंचीदर्शक खुणेचे दगड बसविले गेले. जुन्या शासकीय इमारतीच्या जोत्यावर किंवा पुलाच्या कठड्यावर अशी खूण कोरलेली कधी कधी आजही आढळते.

परंतु शहराची उंची म्हणून जो एक आकडा दिला जातो तो सोयीचा, म्हणजेच काहीसा फसवा असतो. कऱ्हेकाठची जुनी बारामती आणि औद्योगिक वसाहतीजवळच्या माळावरील विमानतळाची धावपट्टी ही दोन्ही स्थळे एकाच गावाच्या नावाने ओळखली जातात; पण धावपट्टीची उंची ६०० मीटरच्या आसपास आहे. हा सुमारे साठ मीटरचा फरक म्हणजे वीस मजली इमारतीची उंची होय. चालताना किंवा मोटारीतून जाताना तो जाणवत नाही, इतका चढ संथ आहे. पाण्याला मात्र तो चांगलाच जाणवतो.

या प्रदेशाची ठेवण समजण्यासाठी पश्चिमेकडून सुरुवात करणे सोयीचे आहे. तोरणा किल्ल्याचा माथा १,४०३ मीटर उंचीवर आहे. तेथून काही कोसांवर, भोरजवळ वेळवंडी नदीवर असलेल्या भाटघर धरणाची पूर्ण जलपातळी ६२३.२८ मीटर आहे. म्हणजे एवढ्याशा अंतरात भूमी जवळजवळ ७८० मीटरनी खाली येते. त्यापुढे नीरेवरील वीर धरणाची पूर्ण जलपातळी ५७९.८५ मीटर, बारामती ५३८ मीटर, आणि इंदापूरच्या पूर्वेस भीमेवरील उजनी धरणाची पूर्ण जलपातळी ४९६.८३ मीटर. भाटघर ते उजनी हे सरळ रेषेतील अंतर सव्वाशे किलोमीटरहून अधिक आहे, आणि दोन्ही जलपातळ्यांतील फरक अवघा १२६ मीटर आहे. किलोमीटरमागे जेमतेम एक मीटर असा हा उतार. सह्याद्रीच्या कड्यावरून घाईघाईने उतरलेली जमीन पुढे जणू निवांत आडवी झाली आहे.

तथापि ती अगदी सपाट नाही. सिंहगडापासून पूर्वेकडे निघालेली भुलेश्वराची डोंगररांग पुरंदर ओलांडून पुढे येताना ठेंगणी होत जाते आणि बारामती-इंदापूरच्या उत्तर भागात लांबट, उघड्या माळांच्या रूपाने विरून जाते. हे माळच या मुलखाचे खरे जलविभाजक होत. त्यांच्या उत्तरेचे पाणी भीमेला आणि दक्षिणेचे कऱ्हा व नीरा यांना मिळते. पुरंदरच्या डोंगरातून मोरगावमार्गे येणारी कऱ्हा बारामतीला वळसा घालून सोनगावजवळ नीरेला मिळते. दक्षिणेकडून नीरा व उत्तर-पूर्वेकडून भीमा यांनी वेढलेला इंदापूर तालुका नकाशावर पाचरीसारखा दिसतो. या पाचरीचे टोक म्हणजे नीरा नरसिंहपूर. येथे दोन्ही नद्यांचा संगम होतो. जुन्नरच्या कुकडीपासून भोरच्या नीरेपर्यंत पुणे जिल्ह्यात पडणाऱ्या पावसाचे जवळजवळ सर्व पाणी याच कोपऱ्यातून जिल्ह्याचा निरोप घेते. नरसिंहपूरला जाणारे भाविक जिल्ह्याच्या सर्वांत सखल कोपऱ्यात उभे असतात, याची त्यांपैकी किती जणांना कल्पना असेल?

भूमीखाली सर्वत्र काळा पाषाण आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थर एकावर एक पसरून हा खडक तयार झाला. नदीकाठी त्याच्या झिजेतून आलेली काळी, खोल, ओल धरून ठेवणारी माती साचली आहे. माळावर मात्र वीतभर मातीखाली मुरूम आणि त्याखाली कठीण खडक लागतो. पावसाची तऱ्हाही अशीच आहे. सह्याद्रीच्या माथ्यावर काही हजार मिलिमीटर कोसळणारा पाऊस पुण्यापर्यंत सातशेच्या आसपास येतो आणि या दोन तालुक्यांच्या वाट्याला पाचशे मिलिमीटरच्या आसपास उरतो. त्यातलाही मोठा वाटा भाद्रपद-आश्विनात, परतीच्या वाटेवर पडतो. म्हणजे उंच जमिनीवर माती थोडी, ओल थोडी आणि पाऊसही अनिश्चित. माळेगाव खुर्द येथे अशाच खडकाळ जमिनीवर भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने २००९ साली राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था स्थापन केली. तिच्या अभ्यासासाठी ही जागा निवडण्याचे कारण माळावर पाऊल ठेवताच कळते.

कालव्याची रेघ

१८७६ च्या भीषण दुष्काळात या भागातील लोकांना काम देण्यासाठी नीरा डाव्या कालव्याचे खोदकाम सुरू झाले. १८८५ पर्यंत कालवा पुरा झाला आणि त्याला पाणी पुरविणारे भाटघरचे पहिले धरण १८९२ साली पूर्ण झाले. पुढे १९२७ च्या सुमारास त्याच्याजवळ अधिक मोठे धरण उभे राहिले. वीरपासून निघून पुरंदर, बारामती व इंदापूर तालुक्यांतून सुमारे शंभर मैल जाणाऱ्या या कालव्याने प्रदेशाचे रूप पालटले, हे सर्वज्ञात आहे. त्याने ते कोठपर्यंत पालटले, ही गोष्ट तितकीशी लक्षात घेतली जात नाही.

असा कालवा समपातळी रेषेला धरून जातो. पाणी वाहते राहील एवढाच, किलोमीटरमागे वितीत मोजावा इतका अल्प उतार त्याला दिलेला असतो. नदी मात्र त्याहून वेगाने खाली उतरत जाते. त्यामुळे कालवा जसजसा पुढे जातो तसतसे नदी आणि कालवा यांमधील उंचीचे अंतर वाढते, आणि त्या दोहोंच्या मधल्या पट्ट्याला पाटाचे पाणी आपोआप, कोणत्याही यंत्राविना मिळते. कालव्याच्या वरच्या अंगाला असलेल्या शेताला, ते कालव्यापासून दहा पावलांवर असले तरी, ते मिळू शकत नाही. समपातळी रेषा कागदावर काढलेली असते असे आपण मुलांना शिकवितो. बारामतीत ती जमिनीवर काढलेली आहे आणि तिच्या एका बाजूला बागायत, दुसऱ्या बाजूला जिरायत असे दोन मुलूख आहेत. सोमेश्वर, माळेगाव, भवानीनगर, वालचंदनगर ही साखर कारखान्यांची नावे नकाशावर शोधावीत. ती सारी कालव्याच्या या पट्ट्यातच सापडतील.

उंचीचा नियम बागायतदारालाही सोडीत नाही. कालव्यातून झिरपणारे आणि उसाला अतिरिक्त दिलेले पाणी जमिनीखालून सखल भागाकडे सरकते. तेथे निचरा न झाल्यास क्षार वर येतात आणि उत्तम काळी जमीन चिबड किंवा चोपण बनते. कालवा सुरू होऊन पंचवीस वर्षे होतात न होतात तोच, १९१० साली, नीरा खोऱ्यातील खारवट जमिनींवर कृषी खात्याला स्वतंत्र पुस्तिका काढावी लागली होती. हॅरल्ड मान व त्यांचे सहकारी ताम्हणे यांनी ती सिद्ध केली. त्याच सुमारास मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी नीरा कालव्यावर गट पद्धती सुचविली, तिच्यामागेही हाच विचार होता : पाणी एकाच ठिकाणी अति न देता ठरावीक गटांत विभागून द्यावे आणि बारमाही पिकाचे क्षेत्र मर्यादित ठेवावे. वरच्याने जास्त पाणी वापरले तर खालच्याची जमीन बिघडते, आणि कालव्याच्या शेपटाकडच्याला पाणीच पोचत नाही. एकाच उधळपट्टीचा हा दुहेरी भुर्दंड आहे.

डोळ्यांसमोरचे पाणी

इंदापूरच्या उत्तर बाजूस प्रश्नाचे स्वरूप अगदी उलट आहे. १९८० साली पूर्ण झालेल्या उजनी धरणाचा एकूण साठा सुमारे ११७ अब्ज घनफूट आहे. कोयना धरणाचा साठा १०५ अब्ज घनफूट. परंतु कोयनेचे पाणी सह्याद्रीच्या अरुंद, खोल दरीत साठले आहे, तर उजनीचे सपाट भूमीवर पसरले आहे. आकडे पाहिले तर याचा नीट उलगडा होतो. कालव्याने सोडता येईल असा उपयुक्त साठा ५३.५७ अब्ज घनफूट, आणि तो ४९१.०३ ते ४९६.८३ मीटर या सहा मीटरहूनही कमी उंचीच्या थरात सामावला आहे! एवढे पाणी तीन पुरुष उंचीच्या आतबाहेर पसरायचे तर त्याला जागा किती लागली असेल, याची कल्पना भीमेकाठच्या विस्थापित गावांना विचारावी. पळसदेवचे जुने मंदिर त्या पाण्याखाली गेले. पातळी फार उतरली की ते पुन्हा उघडे पडते. उथळ व विस्तीर्ण जलाशयातून बाष्पीभवनही अधिक होते. भिगवणजवळ रोहित पक्षी उतरतात तेही या उथळ पाण्यामुळेच.

वर्तमानपत्रांत उन्हाळ्यात 'उजनी उणे' अशा बातम्या येतात आणि धरणात उणे पाणी असते तरी कसे, अशी शंका अनेकांना येते. ४९१.०३ मीटर ही पातळी शून्य धरलेली आहे. तिच्याखाली ६३.६६ अब्ज घनफूट मृत साठा असतो. पाणी त्या रेषेखाली गेले की टक्केवारी उणे मोजतात. २०२४ च्या उन्हाळ्यात ती उणे साठाच्या जवळपास गेली होती.

जलाशयाच्या काठावरील इंदापूरच्या गावांना हे पाणी रोज दिसते. पण ते त्यांच्या शेतांपेक्षा खालच्या पातळीवर आहे. नीरेचे पाणी दूरवरून येते, तरी वरून येते म्हणून फुकट वाहते. उजनीचे पाणी दारात आहे, तरी खाली आहे म्हणून ते उपसावे लागते.

उपशाचा हिशेब अवघड नाही आणि पंचायत सदस्यांनी तो एकदा करून पाहण्याजोगा आहे. एक हेक्टर क्षेत्रावर दहा सेंटिमीटर पाणी द्यायचे म्हणजे १,००० घनमीटर पाणी लागते. ते १०० मीटर उंच चढविण्यास, पंपाची व नळातील घर्षणाची तूट न धरताही, २७२ युनिट वीज खर्च होते. तूट धरल्यास हा आकडा साडेतीनशेच्या पुढे जातो, आणि हे झाले एका पाळीचे. उपसा योजना मंजूर होणे आणि ती वर्षानुवर्षे चालणे या दोन निरनिराळ्या गोष्टी का ठरतात, त्याचे एक उत्तर या गुणाकारात आहे.

माळावरील गावे

सुपे, मोरगावच्या बाजूची जिरायत गावे अशा योजनांकडेच डोळे लावून आहेत. जनाई-शिरसाई योजनेत खडकवासला प्रणालीचे पाणी दौंड तालुक्यातील वरवंड येथून उचलून या माळांकडे आणले जाते. इंदापूर-बारामतीच्या उंच भागासाठी उजनी जलाशयातून पाणी उचलणाऱ्या लाकडी-निंबोडी योजनेला २०२२ साली प्रशासकीय मान्यता मिळाली, तेव्हा सोलापूर जिल्ह्यातून तीव्र विरोध झाला. खालच्या जिल्ह्याचे म्हणणेही सहज झटकून टाकता येण्यासारखे नाही. उजनीवर त्यांची शेती व पिण्याचे पाणी अवलंबून आहे. उद्धट येथून नीरेचे पाणी भीमेकडे नेणाऱ्या लांब भुयाराचे कामही याच साखळीतील आहे.

खडकवासल्याचा कालवा वेगळाच नमुना दाखवितो. ५८२.४७ मीटर पूर्ण जलपातळीच्या जलाशयातून निघून तो सुमारे दोनशे किलोमीटर जातो आणि इंदापूर तालुक्यात संपतो. उंचीच्या दृष्टीने इंदापूरपर्यंत पाणी येण्यास कोणतीच अडचण नाही. अडचण आहे ती वाटेवरच्या तहानेची. पुणे शहराची वाढती गरज, हवेली व दौंडमधील उपसा आणि गळती यांतून उरेल तेच शेपटाला पोचायचे.

गावपातळीवर जे करता येते त्याचा आरंभ मात्र समपातळी रेषेपासूनच होतो. १९४२ च्या जमीन सुधारणा योजना कायद्याने बांधबंदिस्तीला चालना मिळाली. पुढे पाणलोट विकासाच्या कामांत 'माथा ते पायथा' हे सूत्र रूढ झाले. प्रथम माथ्यावर सलग समपातळी चर, मग उतारावर बांध आणि शेवटी नाल्यावर बंधारा, असा त्याचा क्रम. हा क्रम उलटला, म्हणजे वरचे काम न करता नाल्यातच बंधारा घातला, तर तो दोन-चार पावसाळ्यांत गाळाने भरतो. चर समपातळीत नसले तरी असेच होते. एका टोकाला पाणी साचून चर फुटतो आणि ओघळ पडते.

येथे सर्वेक्षण विभागाचा नकाशा पुरा पडत नाही. एक सेंटिमीटरला अर्धा किलोमीटर या प्रमाणातील नकाशावर समपातळी रेषा वीस वीस मीटरच्या अंतराने असतात. बारामती शहर ते धावपट्टी एवढ्या चढावर अशा तीन-चारच रेषा येतील, आणि इंदापूरच्या पूर्व भागातील कित्येक शिवारांतून एकही जाणार नाही. तेव्हा पातळी गावातच मोजावी लागते. गवंडी जोत्याची पातळी पाहण्यासाठी पाण्याने भरलेली पारदर्शक नळी वापरतात. तीच नळी, दोन समान काठ्या आणि मापपट्टी एवढ्या साहित्यावर माध्यमिक शाळेतील मुले शाळेच्या पायरीपासून ओढ्यापर्यंतचा उतार एका दिवसात मोजू शकतात. नळीत हवेचा बुडबुडा राहू देऊ नये, आणि जाताना मोजलेला मार्ग परत येताना पुन्हा मोजून दोन्ही उत्तरे ताडून पाहावीत.