शब्दांपलीकडचा स्वर

तान्हे मूल शब्दांत तक्रार सांगत नाही. मेंदूज्वरातील तीक्ष्ण रडणे आणि भुकेचे रडणे कानांनीच ओळखावे लागते. म्हणूनच सेंट पीटर्सबर्गचा ‘पिंकशायनीअल्ट्राब्लास्ट’ हा बँड मला जवळचा वाटला. त्याची शैली ‘शूगेझ’. ती ब्रिटनमध्ये १९८० च्या दशकाअखेरीस रुजली. पायाजवळच्या ध्वनियंत्रांवर नजर खिळवून वादक वाजवतात, म्हणून हे नाव. २०१५ च्या ‘एव्हरीथिंग एल्स मॅटर्स’मध्ये गिटारींच्या कल्लोळात गायिकेचे शब्द विरघळतात. २०१८ च्या ‘मिझरेबल मिरॅकल्स’मध्ये गिटार मागे सरली, सिंथेसायझर पुढे आला, शब्द मात्र धूसरच राहिले. तरीही भाव पोचतो. गर्दीच्या वेळी आईला प्रश्न विचारताना बाळाचा स्वर आपण पुरेसा ऐकतो का?